समलिंगी जोडनृत्याची संस्था काढताना: आधी सात नावांचा विचार करा

प्रश्न: आम्ही म्हापसा, पर्वरी आणि डिचोली इथली अकरा माणसं दर रविवारी एका मैत्रिणीच्या घरी जमून वॉल्ट्झ आणि जाइव्ह शिकतो. पुरुष पुरुषांबरोबर नाचतात, बायका बायकांबरोबर. आता रीतसर संस्था काढावी असं ठरतंय. नोंदणी कशी करायची? घटनेत काय लिहायचं? पुण्याच्या एका मित्रानं तिथल्या संस्थेचा मसुदा पाठवलाय, तो चालेल का? आणि आमच्यातल्या चौघांना आपलं नाव कुठेच यायला नको आहे, त्यांचं काय करायचं?

उत्तर: तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते. बाकीची कागदपत्रं पंधरा दिवसांत जमतात. तो प्रश्न मात्र आधी सोडवला नाही, तर कागद पूर्ण व्हायच्या आत तुमच्या अकराचे सात होतील. मी सव्वीस वर्षं सोशल डान्स शिकवते आहे आणि तुमच्यासारख्याच एका छोट्या संस्थेची सहा वर्षं सचिव होते. आम्ही काय चुकलो आणि काय जमलं, ते दोन्ही सांगते.

१८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली संस्था काढायला किमान सात माणसं लागतात. संस्थेच्या ज्ञापनात (मेमोरँडममध्ये) नाव आणि उद्देश येतात, आणि कारभार पाहणाऱ्यांची नावं, पत्ते आणि व्यवसायही येतात. हा कागद नोंदणी कार्यालयात जमा होतो, आणि याच कायद्याच्या कलम १९ प्रमाणे तिथे जमा झालेले कागद फी भरून कोणीही पाहू शकतो, नक्कलही घेऊ शकतो. हे कलम संस्था काढणारे वाचतच नाहीत. आम्हीही वाचलं नव्हतं. गोवा किती लहान आहे ते तुम्हाला माहीत आहे. नाव, वाडा आणि नोकरी एवढं कळलं की माणूस थेट घरापर्यंत पोचतो. एकदा सही झाली की ती मागे घेता येत नाही. समितीतून राजीनामा देता येतो, पण पहिला कागद दप्तरात राहतोच.

म्हणून सात जण निवडताना कोण उत्साही आहे, कोण चांगलं नाचतं, हे बघू नका. ज्यांच्या घरी माहीत आहे, कामावर माहीत आहे, आणि ज्यांचं घर भाड्याचं असेल तर घरमालकाच्या मर्जीवर नाही, अशीच माणसं घ्या. तशी सात भरत नसतील तर बाहेरून घ्या. सही करणाऱ्याला नाचता आलं पाहिजे किंवा तो समलिंगी असला पाहिजे, असं कायदा कुठेच म्हणत नाही. बहीण, भाऊ, आई, ऑफिसातली मैत्रीण, कोणीही सज्ञान माणूस चालेल.

२०१९ मध्ये आमच्याकडे पाचच सह्या होत्या. सहावी माझ्या धाकट्या भावाची झाली. सातवी आमच्यातल्या एका मुलाच्या आईची. ती सत्तरी तालुक्यातून दोन बस बदलून आली. चष्मा लावून तिनं उद्देशाचं पान सावकाश वाचलं, 'समलिंगी' या शब्दावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "बाय, हे माझ्या पोरासाठीच ना?" मी हो म्हटलं. मग म्हणाली, "तर माझं नाव पुरं लिहा. नुसतं आडनाव नको." व्यवसायाच्या रकान्यात काय लिहायचं असं विचारल्यावर म्हणाली, "लिहा, निवृत्त अंगणवाडी सेविका. गावातल्या निम्म्या पोरांना मी पाटीवर हात धरून गिरवायला शिकवलंय. कोण काय म्हणतो ते मी बघते." ती पुढे चार वर्षं आमची खजिनदार होती. तिच्या वहीत एक रुपयाचाही फरक कधी निघाला नाही.

त्याच दिवशी आणखी एक जण सही करायचीच म्हणून हटून बसला होता. तिशीतला माणूस, घरी लग्नाची बोलणी चाललेली, थोरल्या भावाच्या दुकानात नोकरी. आम्ही त्याला दोनदा समजावून परत पाठवलं. त्याला वाईट वाटलं, पण आजही मी तेच करेन. उत्साहाच्या भरात केलेल्या सहीची किंमत त्यानं एकट्यानं मोजली असती आणि आम्ही फक्त बघत राहिलो असतो. तो आजही येतो आणि फॉलो करण्यात, म्हणजे जोडीदार नेईल तसं जाण्यात, त्याच्याएवढा हलका माणूस मी पाहिलेला नाही.

अशा माणसांची सोय घटनेतच करा. कायद्याच्या भाषेत सदस्य म्हणजे संस्थेच्या नियमांप्रमाणे दाखल झालेला, वर्गणी भरलेला किंवा सदस्यांच्या यादीवर सही केलेला माणूस. त्याला मत असतं. त्याच्या शेजारी 'सहभागी' असा दुसरा प्रकार ठेवा: येणार, शिकणार, महिन्याची फी देणार, मत नाही, यादीवर सही नाही. दरवर्षी कार्यालयात जाते ती फक्त कार्यकारी समितीची यादी. साध्या सदस्यांची यादी संस्थेकडेच राहते, पण तीही तपासनीस बघतो, दुसरे सदस्य मागू शकतात. त्यामुळे ज्याला नावच नको त्याला सहभागीच राहू द्या. आणि मत नाही म्हणून त्याचं म्हणणं वाऱ्यावर जाऊ नये यासाठी एक नियम घाला: तीन महिन्यांतून एकदा वर्गानंतर सगळे गोल बसतील, तिथे सहभागीही बोलतील, आणि तिथे निघालेल्या मुद्द्यांवर समितीनं पुढच्या बैठकीत निर्णय घेऊन तो इतिवृत्तात लिहिला पाहिजे. इतिवृत्तात बोलणाऱ्याचं नाव लिहू नका, फक्त मुद्दा लिहा.

व्हॉट्सॲपचा ग्रुपही बंद करा. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि डीपीत बायको-मुलं असतात. ब्रॉडकास्ट लिस्ट करा. निरोप ज्याला त्याला वेगळा जातो, फक्त तुमचा नंबर त्यांनी सेव्ह केलेला हवा. वर्गात फोटो नाही, व्हिडिओ नाही. स्वतःची स्टेप बघायला व्हिडिओ हवा असेल तर वर्ग संपल्यावर, मागे दुसरं कोणी नसताना घ्यायचा.

आता कायद्याची भीती. तुमच्यातल्या कोणाला अजून वाटत असेल की अशी संस्था काढणं बेकायदा ठरेल, तर त्यांना सांगा की ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं नवतेज सिंग जोहर खटल्यात प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ च्या कक्षेबाहेर काढले. तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलमच नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता दिली नाही, हे खरं. पण विवाह वेगळा, संघटना वेगळी. संघटना करण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९(१)(ग) मध्ये आहे आणि तो तुम्हालाही आहे.

विवाहाचा मुद्दा एकाच ठिकाणी आडवा येतो, तो म्हणजे 'कुटुंब सदस्यत्व'. बऱ्याच क्लबांच्या नियमांत ही सवलत पती-पत्नीला असते. तुम्ही 'एकाच पत्त्यावर राहणाऱ्या दोन प्रौढ व्यक्ती' असं लिहा. यात बहिणी येतील, मैत्रिणी येतील, जोडपी येतील, आणि कोणालाही आपलं नातं सिद्ध करावं लागणार नाही. ज्या पोर्तुगालचा १८६७ चा दिवाणी कायदा गोव्यात अजून चालतो, त्या पोर्तुगालमध्ये २०१० पासून दोन पुरुषांचं, दोन बायकांचं लग्न होतं. आमच्या वर्गातल्या एकाचा आतेभाऊ लिस्बनला असाच संसार करतो. चवथीला तो घरी येतो तेव्हा त्याची 'मित्र' म्हणून ओळख करून दिली जाते. हे ऐकून मला दर वेळी फार वाईट वाटतं.

पुण्याचा मसुदा वापरू नका. महाराष्ट्रात सार्वजनिक संस्थेला १८६० च्या कायद्याबरोबर तिथल्या १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदावं लागतं, म्हणून त्या मसुद्यात धर्मादाय आयुक्त, विश्वस्त, बदल अर्ज अशी कलमं असतात. तो कायदा गोव्याला लागू नाही. आपल्याकडे जिल्हा निबंधकांकडे अर्ज जातो. मसुदा वाचायला ठेवा, भाषा उचला, पण ती कलमं काढून टाका. आमच्या पहिल्या मसुद्यात 'मा. धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीने' हे शब्द तीन ठिकाणी तसेच राहिले होते. चूक सर्वस्वी आमची, आणि सगळं टाइप पुन्हा करावं लागलं.

नोंदणीला लागतात त्या गोष्टी थोड्याच आहेत: ज्ञापन, नियमावली, नियमावलीवर समितीतल्या किमान तिघांची 'खरी प्रत' म्हणून सही, सातही जणांची ओळखपत्रं आणि संस्थेच्या पत्त्याचा पुरावा. पत्त्यावर अडायला होतं. घर कोणाचंही असलं तरी मालकाचा ना हरकत दाखला घ्या, आणि वडिलोपार्जित घर असेल तर आधी सगळ्या वाटेकऱ्यांशी बोला. एका काकानं मोडता घातला तर मुळात नसलेला वाद घरात सुरू होतो. आम्ही शेवटी एका वकील मैत्रिणीच्या ऑफिसचा पत्ता दिला, तेच सगळ्यांत सोयीचं पडलं.

नाव आणि उद्देश यांवर मात्र वेळ घालवा, इथे घाई नको. तुमच्यात दोन मतं होणार. एक म्हणेल, 'समलिंगी' शब्द घालूया. दुसरं म्हणेल, नुसतं 'नृत्य मंडळ' ठेवूया, कोणाच्या डोळ्यांवर येणार नाही. नावाच्या बाबतीत मी दुसऱ्या मताची आहे. पावतीवर, बँकेच्या पासबुकावर, हॉलच्या फलकावर नाव येतं, आणि ती पावती कोणाच्या तरी खिशात घरी जाते. नाव साधं ठेवा. परदेशातही या शब्दावर विचार झालेला आहे. ब्रिटनमध्ये 'सेम-सेक्स डान्स'ऐवजी आता बरेच जण 'इक्वालिटी डान्सिंग' म्हणतात.

उद्देशात मात्र लपवाछपवी करू नका. तिथे स्वच्छ लिहा: 'समलिंगी जोड्यांसह कोणत्याही लिंगाच्या दोन व्यक्तींनी जोडीने नाचण्याच्या कलेचं शिक्षण, सराव आणि प्रसार.' यामागे व्यवहाराचं कारण आहे. उद्देश बदलायचा तर कलम १२ प्रमाणे दहा दिवसांची सूचना देऊन खास सभा बोलवावी लागते, तिथे तीन पंचमांश मतं लागतात, आणि महिन्यानंतर दुसऱ्या सभेत पुन्हा तीन पंचमांश मतं. म्हणजे उद्देशात लिहिलेलं सहजासहजी पुसता येत नाही. समित्या बदलतात. दहा वर्षांनी एखादी समिती म्हणू शकते की आता फक्त स्त्री-पुरुष जोड्याच घेऊया, लग्नाच्या ऑर्डरी मिळतात. तेव्हा हा शब्द कागदावर असेल तर तुमच्या मागून येणाऱ्यांची जागा शाबूत राहील. ट्रान्स माणसांसाठी 'व्यक्तीने स्वतः सांगितलेलं लिंग' असे शब्द घाला. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ च्या नालसा निकालात आपलं लिंग आपण सांगण्याचा हक्क मान्य केलेला आहे.

बायका-बायकांनी नाचण्याबद्दल एक सांगते. आपल्याकडे यात नवल कुणालाच वाटत नाही. झिम्मा-फुगडी घेतच आपण वाढलो, धालोला बायका समोरासमोर रांगा करून नाचतात, आणि फुगडीच्या जोडीत कोण कोणाला फिरवतं याचा हिशेब कोणी ठेवत नाही. लग्नाच्या रिसेप्शनला नवरा जहाजावर किंवा आखातात असलेल्या कितीतरी बायका बहिणीबरोबर, जावेबरोबर वॉल्ट्झ घेतात. खालून टाळ्याही पडतात. दोन पुरुषांनी तेच केलं की हॉल गप्प होतो. त्यामुळे तुमच्या संस्थेत समलिंगी नसलेल्या बायका येतील: विधवा, एकट्या, नवऱ्याला नाचाची आवड नसलेल्या. त्यांना मोकळ्या मनानं घ्या. पण मंडळ हळूहळू फक्त त्यांचंच होऊन पुरुष बाहेर पडतायत का, याकडे लक्ष ठेवा. आमच्याकडे तिसऱ्या वर्षी तसं झालं होतं. मग आम्ही महिन्यातला एक रविवार फक्त पुरुषांचा ठेवला, तेव्हा गेलेले परत आले.

पैसे. पॅन काढा, संस्थेच्या नावानं बँक खातं उघडा, दोन सह्यांशिवाय चेक नाही. वर्गणी लहान ठेवा, पण वेळेवर घ्या. तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली की कायद्यानंच मत जातं, आणि सभेच्या दिवशी कोणाला हे सांगावं लागणं फार अवघड असतं. सरकारी अनुदान मागायचं तर नोंदणी आणि तपासलेले हिशेब दोन्ही लागतील, म्हणून पहिल्या दिवसापासून सीए ठेवा.

गोव्यात एक खास अडचण आहे. तुमची बातमी लंडनला, लिस्बनला पोचली की तिथले नातेवाईक प्रेमानं पैसे पाठवायला निघतील. थांबा. विदेशी योगदानाच्या २०१० च्या कायद्याप्रमाणे परदेशी नागरिकाकडून आलेली देणगी नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय घेता येत नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसानं आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे यात येत नाहीत. पण ज्यांनी पोर्तुगीज पासपोर्ट घेतला ते कायद्यानं परदेशी नागरिक झाले, मग त्यांच्याकडे ओसीआय कार्ड असो, घर कळंगुटला असो की पेडण्याला. आपल्याकडे एकाच घरात एका भावाचा पासपोर्ट भारतीय आणि दुसऱ्याचा पोर्तुगीज असतो. पैसे घेण्याआधी विचारा आणि उत्तर लेखी ठेवा. आमच्याकडे एक साउंड सिस्टिम यायची होती, ती आम्ही याच कारणानं नाकारली. देणारी व्यक्ती दुखावली, पण इलाज नव्हता.

आता शिकवणं. संस्था कागदावर कशीही असो, ती टिकते वर्गावर. पहिला नियम: 'मुलाची स्टेप', 'मुलीची स्टेप' हे शब्द वर्गात उच्चारायचे नाहीत. लीड (नेणारा) आणि फॉलो (त्याच्याबरोबर जाणारा) म्हणा. दुसरा नियम: पहिल्या दिवसापासून प्रत्येकानं दोन्ही शिकायचं. "मी उंच आहे, मी लीडच करणार" असं म्हणणारा येतोच. त्याला सांगा की ब्यूनोस आयर्समध्ये टँगो रुजत होता तेव्हा पुरुष पुरुषांबरोबरच सराव करत, आणि नवख्याला आधी फॉलो करायला लागे. मगच त्याच्या हाती लीड येई. फॉलो केल्याशिवाय आपला हात समोरच्याच्या पाठीवर किती जड पडतो, ते कळत नाही.

वॉल्ट्झचा बॉक्स, म्हणजे सहा पावलांचा चौकोन, घ्या, त्यात हे दाखवता येतं. लीड डावा पाय पुढे, उजवा बाजूला, डावा जवळ. मग उजवा मागे, डावा बाजूला, उजवा जवळ. फॉलो त्याच्या उलट: उजवा मागे, डावा बाजूला, उजवा जवळ, मग डावा पुढे, उजवा बाजूला, डावा जवळ. आता नीट बघा. बॉक्सच्या दुसऱ्या अर्ध्यात फॉलो करणारा डावा पाय पुढे टाकतो, म्हणजे लीडची पहिली स्टेपच टाकतो. लीड बदलायची जागा हीच. पहिल्या 'तीन'वर पाय जवळ येतात, तेवढ्यात लीडचा उजवा हात पाठीवरून सरकून समोरच्याच्या दंडावर येतो, फॉलोचा डावा हात खालून जाऊन खांद्याच्या पात्याखाली बसतो, आणि दुसऱ्या बाजूचे गुंफलेले हातही त्याच ठोक्यावर बदलतात. पुढच्या 'एक'ला दुसरा माणूस नेतो. पाय काहीच वेगळं करत नाहीत. स्त्री-पुरुष जोड्यांच्या वर्गात ही गोष्ट कोणी शिकवत नाही, कारण तिथे तिची गरजच पडत नाही. तुमच्याकडे हा पहिल्या महिन्याचा धडा असू दे. संगीत मात्र संथ निवडा. स्पर्धेतला वॉल्ट्झ मिनिटाला २८ ते ३० बारचा (एक बार म्हणजे तीन ठोके) असतो, नवख्यांना तो धावल्यासारखा वाटतो.

आमच्या वर्गात बँकेत नोकरी करणारा एक पन्नाशीचा माणूस आला होता. त्याला लीड द्यायला सांगितलं की उजव्या हाताची बोटं ताठ व्हायची, तळवा पाठीला लागायचाच नाही. पुरुषाच्या पाठीवर सगळ्यांसमोर हात ठेवायची आयुष्यात त्याच्यावर कधी वेळच आली नव्हती. मी त्याला तीन रविवार फक्त फॉलो करू दिलं. चौथ्या रविवारी, वर सांगितलेल्या त्याच बदलात, हात आपोआप पाठीवर गेला आणि तिथेच राहिला. गाणं संपलं तरी त्यानं काढला नाही. त्याचे डोळे भरून आले होते. आम्ही तेच गाणं पुन्हा लावलं.

उंचीची चिंता करू नका. दोघांनीही समोरच्याच्या उजव्या खांद्यावरून बघायचं, आणि लीड बुटका असेल तर हात पात्याच्या थोडा खाली ठेवायचा. उंच माणसानं मात्र वाकायचं नाही. दोन रुंद खांद्यांचे पुरुष असले की कोपरं आपटतात, तेव्हा दोघांनी आपापल्या डावीकडे अर्धं पाऊल सरकायचं. रबरी तळव्याचे बूट नकोत. वळताना ते फरशीला चिकटतात आणि सगळा पीळ गुडघ्यात जातो. कातडी तळवा बरा. जुन्या घरातली लाल गिलाव्याची जमीन उत्तम. चकचकीत टाइल्स पावसाळ्यात दमटपणानं ओल्या होतात, दर अर्ध्या तासानं पुसा. त्यांच्यावर पावडर टाकायची सवय पुष्कळांना असते, ती मोडा.

स्पर्शाचे नियम घटनेला जोडून लेखी ठेवा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा तक्रारदार म्हणून स्त्रीचाच विचार करतो. तुमच्याकडे पुरुषाची पुरुषाविरुद्ध, बाईची बाईविरुद्ध तक्रारही येऊ शकते, आणि ती ऐकायला संस्थेकडे स्वतःची सोय हवी. तीन माणसांची समिती करा, त्यातला एक तरी बाहेरचा. नियम साधे: नाचायला विचारायचं, 'नाही'चं कारण मागायचं नाही, एका जोडीदाराबरोबर सलग दोन गाण्यांपेक्षा जास्त नाही, आणि शिकवणाऱ्यानं शिकणाऱ्याला वर्गाबाहेर एकट्यानं भेटायला बोलवायचं नाही. प्रवेश अठरा पूर्ण झालेल्यांनाच. यावर तडजोड नको, मुलाचे आईवडील स्वतः घेऊन आले तरी.

हॉल घेताना संस्थेच्या नावानं लेखी बुकिंग करा, पावती घ्या. एका हॉलच्या मालकानं कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी आमचे पैसे परत केले. म्हणाला, इथे कुटुंबं येतात. आमच्याकडे फक्त तोंडी बोलणं होतं, त्यामुळे काही करता आलं नाही. चाळीस माणसांना फोन करून कळवावं लागलं. तेव्हापासून मी पावतीशिवाय पुढचं बोलतच नाही. बाहेरच्यांसाठी कार्यक्रम असेल तर गाण्यांच्या रेकॉर्डिंगचा परवाना बघा आणि लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करा.

स्पर्धांची घाई नको. पण तरुणांना दिशा म्हणून सांगा की १९८२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेल्या गे गेम्समध्ये आता जोडनृत्याच्याही स्पर्धा होतात, आणि त्यांत पुरुषांच्या आणि बायकांच्या जोड्या वेगवेगळ्या गटांत उतरतात. युरोप आणि उत्तर अमेरिकेत यासाठी वेगळ्या संघटना आहेत. अमेरिकेत यूएसए डान्स या मुख्य संघटनेनंच २०१९ मध्ये 'जोडी'ची व्याख्या बदलली आणि एक लीड, एक फॉलो, लिंग कोणतंही, असं लिहिलं. तुमच्या नियमावलीत 'जोडी'ची व्याख्या हीच घाला, अंतर्गत स्पर्धा असली तरी.

शेवटचं, तारखांचं. नोंदणी करायच्या आधी आणखी सहा महिने असेच रविवारी नाचत राहा. नोंदणीशिवाय जमायला, शिकायला काहीच आडकाठी नाही, आणि तेवढ्या काळात कोण टिकतं ते कळेल. वार्षिक सभेचा महिना घटनेत लिहा. चवथीचा आठवडा, शिगमो आणि आपापल्या गावच्या जत्रा सोडून. त्या दिवसांत निम्मी माणसं मूळ घरी असतात आणि गणपूर्ती होत नाही. आम्ही जुलैचा दुसरा रविवार ठेवला आहे. सभेनंतर चौदा दिवसांच्या आत नव्या समितीची यादी कार्यालयात गेली पाहिजे, म्हणून ती सभेतच टाइप करून, सह्या घेऊनच उठा. आणि यादीत नाव घालण्याआधी प्रत्येकाला दरवर्षी नव्यानं विचारा. मागच्या वर्षी हो म्हणालेल्याचं घर, नोकरी, मन, काहीही मध्यंतरी बदललेलं असू शकतं.